पाहुणीचा मुक्काम

मार्च उतरणीला लागला की माझे पाय उगाच भराभर पडायला लागतात. कुठं वेळेवर पोचायचं नसतं, कुठला पेपर द्यायचा नसतो. वाघोलीहून बसनं निघायचं, नारायण पेठेत एका प्रकाशकाच्या कार्यालयात जाऊन मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत यायचं, एवढाच माझा दिवस. पण या महिन्यात माझ्या टेबलावर येणारी मुद्रितं असतात स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांची. "खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा" हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा डोळ्यांखालून जातं की दुपारी मला खुर्चीत बसवत नाही. मी चहाचं निमित्त काढते आणि सदाशिव पेठेकडे चालायला लागते.

तिथं सगळं तसंच असतं. अभ्यासिकेच्या जिन्यात काढलेल्या चपलांचा ढीग. टपरीपाशी उभ्या उभ्या एकमेकांना घटनेची कलमं विचारणारी मुलं. एखाद्या गच्चीवर हातात पुस्तक धरून येरझाऱ्या घालणारी मुलगी, ओठ हलताहेत, डोळे मिटलेले. तिच्याकडे बघत मी थांबते. वाटतं, आपलंही काहीतरी वाचायचं राहिलंय, आज संध्याकाळच्या आत उरकायला हवं. काय राहिलंय ते काही केल्या आठवत नाही. मग आठवतं ते भलतंच. एक टीव्हीवरची मालिका आणि तिच्यातली एक भूत झालेली मुलगी.

तेव्हा मी आणि सुनंदा सदाशिव पेठेत काकूंच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहायचो. काकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. मुलगा बंगळूरला. आम्हाला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी बार्शीची म्हणून 'बार्शी' आणि सुनंदा जिंतूरजवळच्या खेड्यातली म्हणून 'जिंतूर'. "नावं कशाला पाठ करायची?" त्या म्हणायच्या. "मुली बदलतात. गावं राहतात."

टीव्ही त्यांच्या पुढच्या खोलीत होता. संध्याकाळी साडेसातला 'तिन्हीसांजेची पाहुणी' लागायची, तेवढा अर्धा तास आम्हाला तिथं प्रवेश होता. बसायचं सतरंजीवर, बोलायचं जाहिरातीत. स्वतः काकू पाठीला उशी घेऊन दिवाणावर बसायच्या आणि "काय हा मूर्खपणा" असं म्हणत एकही भाग चुकवायच्या नाहीत.

गोष्ट साधी होती. मृणालिनी नावाची मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी नदीत बुडून जाते. पुढं कित्येक वर्षांनी, ज्या घरात ती सून म्हणून जाणार होती त्या घरात ती रोज दिवेलागणीला यायला लागते. ती फक्त धाकट्या सुनेला, रेवाला दिसते. ती कुणाला घाबरवत नाही, कुणाचा सूड घेत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते, फोडणीचा वास घेते, रेवाशी दोन शब्द बोलते आणि अंधार दाट झाला की जाते. आपण इथं का येतो हे तिलाही माहीत नसतं.

आम्ही दोघी तिच्यावर जीव टाकत होतो, याचं कारण तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, ती आमच्यासारखीच होती. आमचं कॉलेज सुटलेलं, नोकरी लागलेली नाही. घरची माणसं फोनवर "मग, कधी?" एवढंच विचारायची. परक्या घराच्या दाराशी रोज उभं राहणं आम्हाला चांगलं ठाऊक होतं. फरक इतकाच की आम्ही सगळ्यांना दिसत होतो.

सुनंदाचे तीन प्रयत्न वाया गेले होते. तिच्या वडिलांचं, ती त्यांना दादा म्हणायची, गावात किराणा दुकान होतं. परभणीचं एक स्थळ त्यांच्याकडे आलेलं होतं आणि पाहुणे उत्तरासाठी थांबले होते. त्या वर्षी दादांनी फोनवर सांगितलं, आता पुरे, घरी ये. सुनंदानं रडून बघितलं, गप्प बसून बघितलं. शेवटी काहीच सुचेना तेव्हा ती म्हणून गेली, "दादा, निदान पाहुणी जाईपर्यंत तरी राहू द्या." तिकडं तिची आई, जिला ती माय म्हणायची, तीही तीच मालिका बघायची. दादा दिवेलागणीला दुकानात असत, म्हणून रात्री जेवताना माय त्यांना त्या दिवशीचा भाग सांगत असे. पाहुणी कोण हे त्यांना माहीत होतं. ते हसले म्हणे. "बरं," म्हणाले. "ती बाई ज्या दिवशी त्या घरातून जाईल, त्या दिवशी तू तिथून नीघ."

हा हिशेब सुनंदानं नीट केला होता. परीक्षा एप्रिलच्या शेवटी आणि मालिका पावसाळ्यापर्यंत चालणार असं सगळे म्हणत होते. परीक्षा आरामात होऊन जाणार होती. परीक्षेआधी गावी गेलेली मुलगी परत पुण्याला येत नाही, हे आमच्या खोलीत राहून गेलेल्या मुलींवरून आम्हाला कळलेलं होतं. त्यामुळे त्या अर्ध्या तासाकडे आम्ही आता निराळ्या नजरेनं बघायला लागलो. नवं पात्र आलं की बरं वाटायचं. मृणालिनीची जुळी बहीण निघाली तेव्हा काकूंनी कपाळावर हात मारला आणि सुनंदानं टाळी वाजवली.

मग एप्रिलमध्ये एका दुपारी अभ्यासिकेत कुजबुज उठली आणि बघता बघता सगळ्या खुर्च्या मागे सरकल्या. परीक्षा पुढं गेली होती. जूनमध्ये होईल म्हणे. आणि त्याच आठवड्यात जाहिरातींच्या मध्ये ती पाटी झळकली: 'पाहुणी निरोप घेतेय. अंतिम भाग, या शनिवारी.' चॅनलवर नवीन काहीतरी यायचं होतं म्हणून ही गुंडाळत होते.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवते ती फक्त तगमग. पुस्तक उघडायचं, मिटायचं. पंख्याखाली बसायचं, पंखा बंद करायचा. उन्हात टिळक रस्त्यापर्यंत जायचं आणि काही न घेता परत यायचं. सुनंदा खोलीत दारापासून खिडकीपर्यंत चालत राहायची. खोली एवढीशी की चार पावलांत वळावं लागे. काकू पुढच्या खोलीतून ओरडायच्या, "जिंतूर, फरशी माझी आहे. झिजवायची असेल तर रस्ता महापालिकेचा आहे."

शनिवारी आम्ही वेळेआधीच जाऊन बसलो. शेवटच्या भागात एक मांत्रिक आला. होम पेटला, धूर झाला, सगळं घर हात जोडून उभं राहिलं. मृणालिनी रेवाकडे बघत राहिली आणि बघता बघता विरून गेली. रेवाला तिच्याशी एक शब्दही बोलू दिला नाही. लगेच साबणाची जाहिरात.

"असा घालवतात पाहुणा?" काकू म्हणाल्या. "इतके दिवस आली बिचारी. चहा तरी विचारायचा."

एरवी मालिका संपली की काकू टीव्ही बंद करायच्या, त्या दिवशी नाही केला. सोमवारपासून त्या वेळेला काय लागणार ते नाचत-गात सांगणं चालू होतं आणि आम्ही तिघी ते बघत बसलो होतो. माणूस गेलं तर शेजारी येतात, पिठलं-भात पाठवतात. मालिका गेली तर कुणाला काय सांगणार? पण संध्याकाळ तर येतेच. साडेसात वाजतात, अंग आपोआप सतरंजीकडे वळतं, आणि मग लक्षात येतं की आता कुणी येणार नाही. त्यात सुनंदाला तर स्वतःची बॅगही भरायची होती. तिनं त्याच रात्री पलंगाखालून ती ओढून काढली, पुसली आणि उघडी तशीच भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं घरी फोन केला. दुपारी दादा झोपलेले असत. निघते म्हणून सांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं. मी शेजारी बसले होते. मायचा आवाज इतका हळू होता की सुनंदाला मोबाइल कानावर दाबून धरावा लागला.

"येऊ नको," माय म्हणाली. "काल ह्यांनी जेवताना इचारलं, गेली का ती? मी म्हनलं, न्हाई. अजून हाय."

सुनंदा म्हणाली, "माय, पण मालिका संपली."

"संपली आसंल. ह्यांना कुठं म्हायती हाय?" माय म्हणाली, "परीक्षा हू दे तुझी. फकस्त मला सांग, आज रातच्याला ह्यांना काय सांगू?"

सुनंदानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. आमच्या दोघींच्या डोक्यात घटना, भूगोल आणि चालू घडामोडी सोडून काही उरलेलं नव्हतं. आम्ही काकूंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आम्हाला वाटलं, आता खोटेपणावर एक व्याख्यान ऐकावं लागणार. काकूंनी चष्मा काढून पुसला.

"ते घर कुणाच्या नावावर आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठलं घर?"

"त्या रेवाचं. सासऱ्यांच्या की दिरांच्या? इतके भाग झाले, एकदाही सांगितलं नाही त्यांनी. मृणालिनी त्या घराची वारस निघाली तर? दावा लागेल. तारखा पडतील. जूनच काय, दिवाळी येईल."

अशी ती मालिका आमच्याकडे चालू झाली. काकू सकाळी भाजी निवडताना कथानक सांगायच्या, सुनंदा दुपारी ते मायला सांगायची, आणि रात्री जिंतूरजवळच्या त्या घरात दादांच्या ताटापाशी मृणालिनी कोर्टाची पायरी चढायची. काकूंची कथा कायद्याला धरून असे. भुताला साक्ष देता येते का, यावर त्यांनी आम्हा दोघींना उभं राहून वाद घालायला लावला. अभ्यासाचा वेळ जातो म्हणून मी कुरकुरले तर म्हणाल्या, "मुलाखतीत उपयोगी पडेल."

पण जीव थाऱ्यावर नव्हताच. रोज दुपार झाली की घालमेल सुरू व्हायची. गावात कुणीतरी दादांना सांगेल. दुकानात साबण घ्यायला आलेली एखादी बाई सहज बोलून जाईल. मग दादांचा फोन येईल, आणि मायचं काय होईल? सुनंदाची बॅग तशीच भिंतीला टेकून उघडी होती. तिच्यात काही भरलेलं नव्हतं आणि ती पलंगाखालीही गेली नव्हती. मी अभ्यास करताना सारखी तिच्याकडे बघायची. मे महिन्याच्या उकाड्यात, पुस्तकावर घामाचे ठिपके पडत असताना, पाठ केलेलं सगळं निसटून जायचं आणि मनात एकच प्रश्न राहायचा, आज काय सांगणार?

मग एके दिवशी मायनं आम्ही सांगितलेला भाग सांगितलाच नाही.

"मला ते वकील आन् तारखा नीट सांगता येईना," ती म्हणाली. "मी आपली दुसरीच गोष्ट सांगितली."

काय सांगितली, ते सुनंदानं मला नंतर जसंच्या तसं ऐकवलं. मायच्या गोष्टीत मृणालिनी दिवेलागणीला त्या घरी जायच्या आधी गावातल्या शाळेत जायला लागली होती. शाळेला कुलूप, पण तिला कुलपाचं काय? ती शेवटच्या बाकावर बसायची. फळ्यावर मास्तरांनी लिहिलेलं तसंच असायचं, ते वाचायची. बुडायच्या आधी, पार लहानपणी, तिला शाळेतून काढलेलं होतं.

"कुणी काढलं?" दादांनी घास हातात धरून विचारलं होतं.

"बापानं," माय म्हणाली. "बघायला पाहुणे आले होते म्हनून. सातवीचा पेपर व्हता त्या दिवशी."

दादांनी हातातला घास खाल्ला. जेवण झालं, हात धुतला. झोपताना एवढंच म्हणाले, "उद्या सांग पुढचं."

सुनंदा हे सांगताना अडखळली. माय सातवीतून शाळेबाहेर पडली एवढं तिला माहीत होतं. त्या दिवशी पेपर होता, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आता ते तिला एका मेलेल्या मुलीच्या गोष्टीतून कळत होतं, आणि दादांनाही बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं.

त्यानंतर माय आमच्याकडे काही मागायची नाही. दुपारी फोन केला की स्वतःच सांगायची, काल मृणालिनीनं काय केलं. ती परवा मास्तरांच्या घरापर्यंत गेली आणि दारातून परत आली. काल तिनं फळ्यावर आपलं नाव लिहून बघितलं, वेलांटी चुकली, पुसलं. काकू रुसल्या. "चांगला खटला उभा केला होता मी. त्यांनी सगळा वाऱ्यावर सोडला." पण दुपारी फोन झाला की त्याच पहिल्यांदा खोलीच्या दाराशी येऊन विचारायच्या, "जिंतूर, काल काय झालं?"

जून आला. परीक्षा झाली. पेपर सोपा होता की अवघड हे सांगण्याइतकंही आमच्यात त्राण उरलं नव्हतं. रस्त्यावर चिखल होता, केंद्राबाहेर मुलांचे घोळके उत्तरं पडताळत उभे होते आणि सुनंदा कुणाशी न बोलता पुढं चालत सुटली होती. खोलीवर आल्यावर तिनं मायला फोन केला. "आता सांगून टाक दादांना, गेली म्हणून," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय. परवा निघते."

माय हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल वाजला. दादा होते. इतक्या आठवड्यांत त्यांचा स्वतःहून आलेला तो पहिला फोन. सुनंदा उभी राहिली. मीही उभी राहिले.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला, दादा."

"बरा म्हंजे?"

"म्हंजे... बरा."

"हं." मागून तराजूचा, कुणीतरी काहीतरी मागत असल्याचा आवाज येत होता. "त्या परभणीच्या लोकायला मी कळवलंय. आत्ता जमणार न्हाई म्हनून."

"कधी कळवलं?"

"झाले की लई दिवस."

सुनंदा खाली बसली. मग तिला राहवलं नाही. "दादा, ती मालिका..."

"सुनंदा," ते म्हणाले, "मी दुकानात बसतो."

एवढंच बोलले. दुकानात बसणाऱ्या माणसाला गावात काय चालू आहे आणि काय संपलं आहे हे सगळ्यांच्या आधी कळतं. मालिका संपल्याचं त्यांना दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सांगितलं असणार. तरी ते रोज रात्री ताटावर बसून विचारत होते, गेली का ती? आणि माय सांगत होती ते ऐकत होते.

सुनंदा त्या वर्षीही पास झाली नाही. थोडक्यात राहिली. घरून कुणी काही बोललं नाही. ती आणखी एक वर्ष राहिली, दुसरी एक लहान परीक्षा दिली आणि आता नांदेडकडे एका तालुक्याच्या कचेरीत नोकरी करते. लग्न केलं, पण उशिरा आणि स्वतः ठरवून. मी परीक्षा देणं सोडलं आणि परीक्षांची पुस्तकं तपासायला लागले. माझी ती तगमग कुठं संपली नाही, जागा बदलून बसली एवढंच. ज्या प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत, त्यांच्या मात्रा मी आता अचूक लावते. कधी वाटतं, अजून एकदा बसायला हवं होतं. कधी वाटतं, बरं झालं सुटले. दोन्ही वाटणं एकाच दुपारी येतं, आणि चहा घ्यायला उठावं लागतं.

माय पुण्याला आली ती त्या परीक्षेच्या वर्षीच, श्रावणात. पहिल्यांदाच आली होती. नऊवारी नेसलेली, ठेंगणी, फोनवरच्या आवाजापेक्षा कितीतरी लहान दिसणारी. काकूंनी तिला दिवाणावर बसवलं. आम्हाला कधी त्या दिवाणावर बसू दिलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. एकमेकींच्या गोष्टी ऐकलेल्या, चेहरे पहिल्यांदा दिसत होते.

"आपण माझा खटला पार बुडवलात," काकू म्हणाल्या.

"मला कोर्ट म्हायती न्हाई हो," माय म्हणाली. "शाळा म्हायती होती. थोडीशी."

काकूंनी मान हलवली. मग बराच वेळ मायनं खोली बघितली, टीव्ही बघितला. काहीतरी विचारायचं तिच्या मनात होतं, पदर सारखा बोटाला गुंडाळत होती. शेवटी तिनं विचारलं.

"खरंच शेवटाला काय झालं हो तिचं? आमच्याकडं त्या शनिवारी लाईट नव्हती. मी बघितलंच न्हाई."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. इतके दिवस फोनवर बोलणं होऊन हे तिला कधी माहीत झालं नव्हतं. तो धूर, तो होम, हात जोडून उभं असलेलं ते घर, काहीच मायनं पाहिलं नव्हतं. सांगावं की नाही, आणि कुणी सांगावं, मला कळेना.

काकूंनी मात्र जराही वेळ घेतला नाही. एरवी स्वतः पाच पैशाचंही खोटं न बोलणारी बाई.

"आमच्याकडेही नव्हती," त्या म्हणाल्या. "सबंध सदाशिव पेठेत नव्हती."

मायचे खांदे सैल झाले. तिनं पदर सोडला.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "ह्यांना मी अजून सांगायलेय."

"सांगा की," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. "सावकाश सांगा. कसली घाई आहे?"